नवा फोर-के मॉनिटर: पहिल्या सात दिवसांत काय तपासायचं, काय लिहून घ्यायचं

प्रश्न: मी सांगलीत घरूनच पुस्तकांची मांडणी आणि मुखपृष्ठांचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यासमोर जातात, म्हणून २७ इंची फोर-के मॉनिटर घ्यायचं ठरवलंय. एक मॉडेल ऑनलाइन ३१,५०० रुपयांना आहे, पण तिथे ‘फक्त ७ दिवसांत रिप्लेसमेंट’ असं लिहिलंय. पैसे परत नाहीत. तेच मॉडेल इथल्या दुकानात ३४,००० ला आहे. दुकानदार म्हणतो, ‘कंपनीची तीन वर्षं वॉरंटी आहे, पण ठिपक्याबिपक्याचं आम्ही बघत नाही.’ मैत्रिणीच्या नव्या मॉनिटरवर मधोमध हिरवा ठिपका निघाला आणि कंपनीने ‘हे नियमात बसतं’ म्हणून हात वर केले. शिवाय २,८०० रुपयांत दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घ्या म्हणून दुकानदार मागे लागलाय. कुठून घेऊ? ठिपका निघालाच तर काय करू? बिल जीएसटी नंबरवर घ्यावं का? – एक वाचक, सांगली

उत्तर: आधी निर्णय सांगतो, मग कारणं. दुकानदार बिलावर एक ओळ लिहून द्यायला तयार असेल तर दुकानातूनच घ्या, अडीच हजार जास्त गेले तरी चालतील. ती ओळ मिळत नसेल तर त्या अडीच हजारांचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. मग ऑनलाइन घ्या. वाढीव वॉरंटी नको. बिल जीएसटी नंबरवर घ्या.

ती ओळ अशी: ‘डिलिव्हरीपासून ७ दिवसांत पडद्यावर एकही सतत उजळ राहणारा पिक्सल किंवा पडद्याच्या आत धूळ आढळल्यास नवीन नग बदलून देऊ.’ (पिक्सल म्हणजे पडद्यावरचं चित्र ज्यांनी बनतं त्यातला एकेक बारीक ठिपका.) खाली सही आणि शिक्का. तोंडी ‘आणा ना ताई, बघू आपण’ याला सातव्या दिवशी अर्थ उरत नाही.

या एका ओळीसाठी एवढा आग्रह का, ते मैत्रिणीच्या हिरव्या ठिपक्यावरून कळेल. फोर-के म्हणजे आडवे ३,८४० आणि उभे २,१६० पिक्सल, एकूण ८२,९४,४००. प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सल; म्हणजे जवळजवळ अडीच कोटी. त्यातला प्रत्येक एका सूक्ष्म ट्रान्झिस्टरवर चालतो. एखादा कायम चालू राहिला की काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत ठिपका दिसतो, कायम बंद पडला की पांढऱ्यावर काळपट. अडीच कोटींतला एकही बिघडू नये अशी अट घातली तर कारखान्यातली बरीच पॅनेल बाद होतील आणि किंमत वाढेल, म्हणून कंपन्या काही दोष मान्य धरतात. आयएसओ ९२४१-३०७ या मानकात त्यासाठी वर्ग ठरवलेत. त्यातला दुसरा वर्ग दर दहा लाख पिक्सलमागे दोन सतत उजळ आणि दोन सतत काळे पिक्सल चालवून घेतो, उपपिक्सलची सवलत वेगळी. आता ८३ लाखांनी गुणून बघा. फोर-के पडद्यावर सोळा उजळ आणि सोळा काळे ठिपके असले तरी तो कागदोपत्री ‘निर्दोष’ ठरू शकतो. पडदा जितका बारीक पिक्सलचा, तितकी ही सवलत फुगते, आणि ही गोष्ट विकताना कोणी सांगत नाही. बऱ्याच कंपन्या माफ दोषांचं स्वतःचं कोष्टक वापरतात आणि ते या मानकापेक्षा कडक असतं, तरी त्यात एक-दोन उजळ ठिपके बहुधा माफच असतात.

म्हणून तीन वर्षांची वॉरंटी कशासाठी आहे ते नीट समजून घ्या. मॉनिटर सुरूच होत नाही, अर्धा पडदा काळा पडला, उभ्या रेघा आल्या, पोर्ट मेलं, बॅकलाइट (पडद्यामागचा दिवा) गेला, अशा बिघाडांसाठी ती उत्तम आहे. डोळ्याला खुपणारा एक ठिपका, कोपऱ्यातला पिवळेपणा, काचेआडचा धुळीचा कण यांसाठी ती जवळपास निरुपयोगी. हे दोष पदरातून काढायचे तर पहिला आठवडाच हातात असतो, तोही विकणाऱ्याच्या जोरावर. युरोपात ऑनलाइन घेतलेली वस्तू १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क कायद्याने आहे, त्यामुळे तिकडचे यूट्यूबवाले सहज सांगतात की ‘नाही आवडला तर परत करा, दुसरा मागवा’. आपल्याकडे ‘आवडला नाही’ या कारणाने परत करण्याचा असा सरसकट हक्क नाही. सदोष वस्तूचा मात्र आहे, त्याबद्दल पुढे.

काही मालिकांना या बाबतीत अपवाद आहे आणि तो पैसे मोजण्यासारखा आहे. डेलच्या अल्ट्राशार्पसारख्या काही मालिकांवर ‘प्रीमियम पॅनेल एक्स्चेंज’ मिळतं: वॉरंटीच्या मुदतीत एकही उजळ पिक्सल निघाला तरी मॉनिटर बदलून. असूसच्या काही मालिकांवर ‘झिरो ब्राइट डॉट’ हमी असते, तिची मुदत मॉडेलप्रमाणे बदलते. तुम्ही ठरवलेल्या मॉडेलला असं काही आहे का, हे कंपनीच्या भारतातल्या संकेतस्थळावर वॉरंटीच्या पानावर बघा. अमेरिकेच्या पानावर लिहिलेलं इथे लागू होईलच असं नाही. असलं तर त्या पानाची पीडीएफ करून ठेवा. मग दुकानदाराच्या ओळीची गरजही बरीच कमी होते.

मागवण्याआधी

विक्रेत्याचं नाव बघा. मोठ्या संकेतस्थळावरही प्रत्यक्ष विकणारा वेगळाच असतो आणि काही कंपन्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतलेल्या नगालाच वॉरंटी देतात. मालाच्या पानाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा: रिझोल्यूशन, पोर्ट, यूएसबी-सीवर किती वॉट, वॉरंटी, परतीची अट. पान उद्या बदलू शकतं आणि ‘जाहिरातीत सांगितलं तसं नाही’ हे सिद्ध करायला हाच पुरावा लागतो. ‘एचडीआर सपोर्ट’ (जास्त उजळ आणि जास्त गडद छटांचं चित्र) या शब्दांवर भुलू नका. त्याचा अर्थ बहुधा एवढाच की मॉनिटर तो सिग्नल स्वीकारतो. तुमच्या कामाला एसआरजीबी (पडद्यावरच्या रंगांचा प्रमाणित आवाका) किती टक्के आणि कारखान्यातला कॅलिब्रेशनचा (रंग मोजून जुळवल्याचा) अहवाल खोक्यात येतो का, हे जास्त महत्त्वाचं.

मग कंपनीच्या ग्राहक सेवेला एक फोन करा आणि तुमचा पिनकोड सांगून विचारा: सेवा ऑनसाइट आहे (तंत्रज्ञ घरी येतो) की कॅरी-इन (मॉनिटर आपण न्यायचा)? ‘ऑनसाइट’ लिहिलेलं असलं तरी ते बऱ्याचदा ठरावीक शहरांपुरतं असतं. सांगलीत सर्व्हिस सेंटर आहे, की कोल्हापूर-पुण्याला न्यावा लागेल? बिघडल्यावर तेच युनिट दुरुस्त करून देतात की दुसरं देतात, आणि दुसरं नवं असतं की दुरुस्त केलेलं? फोनवरची उत्तरं ई-मेलवर मागून घ्या. कॅरी-इन असेल तर खोका आणि आतलं थर्माकोल तीन वर्षं माळ्यावर ठेवावं लागेल, कारण साध्या चादरीत गुंडाळून एसटीने नेलेल्या पॅनेलला तडा गेला तर तो तुमच्या माथी बसतो.

आल्या दिवशी

तुटक्या पडद्यावरून होणारे वाद सगळ्यात चिवट, कारण फुटणं-तडकणं कंपनीच्या नेहमीच्या वॉरंटीत बसत नाही. आतली काच फुटलेली असली तरी बंद पडदा अखंड दिसू शकतो. सुरू केल्यावरच शाईचा डाग सांडल्यासारखा काळा पट्टा आणि रेघा दिसतात. म्हणून खोका उघडण्यापासून पडदा उजळेपर्यंत एकच सलग व्हिडिओ घ्या, मध्ये थांबवू नका. त्यात कुरिअरची पट्टी, खोक्याच्या सहाही बाजू, न फाडलेली टेप, खोक्यावरचा आणि मॉनिटरच्या पाठीवरचा सिरियल नंबर, आणि शेवटी चालू पडदा हे सगळं यायला हवं. ‘ओपन बॉक्स डिलिव्हरी’ची, म्हणजे खोका दारातच उघडून बघण्याची, सोय असेल तर तीच निवडा आणि प्लग लावून बघितल्याशिवाय ओटीपी देऊ नका. घाईतला डिलिव्हरी करणारा मुलगा कुरकुरेल, पण ओटीपी गेला की माल ‘सुस्थितीत मिळाला’ अशी नोंद होते.

बाहेर काढताना पडद्यावर अंगठा टेकू देऊ नका. आधी स्टँड बसवा, मग मानेला धरून उचला. स्टँड बसवताना पडदा पालथा ठेवायचा तर खोक्यातल्याच फोमवर ठेवा. टेबलावर खडा किंवा स्टेपलरची पिन पडलेली असेल तर एवढ्यानेही पॅनेल जातं. पुढे भिंतीवर किंवा आर्मवर लावणार असाल तर पुस्तिकेत दिलेल्याच लांबीचे स्क्रू वापरा. बहुतेक मॉनिटरना १०० बाय १०० मिलिमीटरची चौकट आणि एम४ स्क्रू लागतात. लांब स्क्रू आत घुसून पॅनेलला किंवा बोर्डाला टोचतो आणि वॉरंटी जाते.

पाठीवरची आणि खोक्यावरची पट्टी वाचा. तिच्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष, एमआरपी, आयातदाराचं नाव-पत्ता आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणीचा ‘आर-’ने सुरू होणारा क्रमांक हवा. सिरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर नोंदवून वॉरंटी कधी सुरू झालेली दिसते ते तपासा. तुमच्या बिलाच्या बऱ्याच आधीची तारीख दिसली तर तो नग आधी कोणाला तरी विकला गेला असण्याची शक्यता आहे, किंवा कंपनी कारखान्यातून निघाल्यापासून मोजतेय. दोन्ही बाबतीत बिल पाठवून तारीख लगेच दुरुस्त करून घ्या. दोन वर्षांनी हे भांडण सुटत नाही.

तपासणी

पहिल्याच संध्याकाळी बसा. दुकानातून घेत असाल तर निम्मी तपासणी तिथेच, स्वतःचा लॅपटॉप आणि केबल नेऊन करा. पंधरा-वीस मिनिटं लागतात.

पडदा कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा. पेंटमध्ये किंवा तुमच्याच मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ३,८४० बाय २,१६० ची सहा चित्रं करा: निव्वळ पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं आणि मध्यम राखाडी, म्हणजे आरजीबी १२८-१२८-१२८. ती एकेक करून पूर्ण पडदाभर उघडा. पडद्याचे मनातल्या मनात नऊ भाग करा आणि प्रत्येक भागावरून नजर सावकाश फिरवा. २७ इंची फोर-केमध्ये एक पिक्सल सुमारे ०.१५ मिलिमीटरचा असतो, वरवर बघून तो सापडत नाही. काही सापडलं की छपाईचे ठिपके बघायचं भिंग तुमच्याकडे असेलच, ते पडद्याला न टेकवता जवळ धरा. पांढऱ्यावर प्रत्येक पिक्सलमध्ये लाल, हिरवी, निळी अशा तीन उभ्या पट्ट्या दिसतील. त्यातली एक विझलेली असेल तर उपपिक्सल मेलाय, तिन्ही विझल्या असतील तर पूर्ण पिक्सल. आणि सगळ्या पट्ट्या धडधाकट असून त्यांच्यावर पुसट, कडा नसलेली सावली पडलेली दिसली तर तो पडद्याआडचा धुळीचा कण. हा फरक तक्रारीत लिहा: धूळ ‘पिक्सल’ नाही, त्यामुळे पिक्सलची सवलत तिला लागू होत नाही.

माझं मत विचाराल तर पडद्याच्या कडेला, फक्त पांढऱ्यावर भिंगातूनच दिसणारा एक मेलेला उपपिक्सल सोडून द्या. त्याच्यापायी बदलून घेतलेला दुसरा नग आणखी वाईट निघू शकतो. उजळ ठिपका मात्र सोडू नका, कारण काळ्या मुखपृष्ठावर काम करताना रोज नजर तिथेच जाईल. मधल्या भागातला पूर्ण काळा पिक्सलही नको: मजकूर तपासताना तो अनुस्वारासारखा फसवतो. ठिपक्यावर बोटाने दाबून किंवा चोळून तो ‘बसवण्याचे’ व्हिडिओ आहेत. तसं करू नका. दाबाने शेजारचे पिक्सलही जाऊ शकतात, आणि वर खूण उमटली की दोष तुमचा ठरतो. रंग भराभर बदलणारं चित्र तासभर लावून बघायला हरकत नाही. अडकलेला पिक्सल त्याने कधी सुटतो, कधी नाही, पण नुकसान होत नाही.

तुमच्या कामासाठी सगळ्यात महत्त्वाचं चित्र राखाडी. अर्धा तास मॉनिटर तापू द्या, मग राखाडी पडदाभर लावून दोन-तीन पावलं मागे सरका. डावी बाजू गुलाबीसर आणि उजवी हिरवट-पिवळसर दिसते का? मध्ये मळकट ढग किंवा उभे पट्टे आहेत का? फोर-केचे ठिपके लोक शोधत बसतात आणि हा दोष निसटतो. मुखपृष्ठाचा फिका रंग पडद्याच्या एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरा दिसला तर तो मॉनिटर रंगाच्या कामाचा नाही, मग कॅलिब्रेशन करा नाहीतर काहीही करा. साधं कॅलिब्रेशन पडद्याच्या मध्यावर मोजून केलेलं असतं, ते कडांचा फरक मिटवत नाही. थोडा फरक प्रत्येक पॅनेलमध्ये असतोच. कसोटी अशी: राखाडीचा एक छोटा चौकोन करून तो डावीकडून उजवीकडे सरकवा. सरकवताना रंग बदललेला स्पष्ट कळत असेल तर बदलून मागा.

काळं चित्र अंधाऱ्या खोलीत, पण ब्राइटनेस नेहमीच्या कामाएवढाच ठेवून बघा. शंभर टक्क्यांवर ठेवलात तर प्रत्येक मॉनिटर सदोष वाटेल. कोपरे उजळलेले दिसले तर डोकं डावी-उजवीकडे हलवा आणि मीटर-दीड मीटर मागे जा. उजेड जागा बदलतो किंवा मावळतो, तर ती आयपीएस या प्रकारच्या पॅनेलची अंगभूत चमक. त्यावर कोणी बदलून देणार नाही आणि दुसरा नगही तसाच असेल. उजेड कडेला चिकटून तसाच राहतो, पिवळट झोत आत शिरल्यासारखा दिसतो, तर तो बॅकलाइटचा गळका प्रकाश. हा चौकट पॅनेलला कुठेतरी जास्त आवळल्याने होतो आणि नगागणिक कमी-जास्त असतो, म्हणून बदलून घेण्यात अर्थ आहे. फोटो काढताना मोबाइलचा एक्स्पोजर (उजेडाची पातळी) लॉक करून तो खाली आणा, नाहीतर कॅमेरा अंधार उजळवतो आणि विकणारा ‘कॅमेऱ्यामुळे दिसतंय’ म्हणून तक्रार उडवून लावतो.

बाकीचं चटकन होतं. प्रत्येक पोर्ट एकदा लावून बघा, यूएसबी-सीवर लॅपटॉप चार्ज होतो का तेही. रात्री शांततेत पाठीमागे कान द्या. बारीक शिट्टीसारखा आवाज येत असेल तर पहिल्या आठवड्यातच तक्रार करा. स्टँड एका बाजूला झुकत नाही ना, बटणं अडकत नाहीत ना ते बघा. तासभर एकच पान ठेवून मग राखाडी लावा. आधीच्या पानाचा छाप काही मिनिटांत पुसला जायला हवा.

जे दोष नसतात

बरेच नवे मॉनिटर उगाच परत जातात, आणि बदलून आलेलाही तसाच ‘सदोष’ निघतो. माउस तुटक-तुटक सरकतोय, अक्षरं ओढताना झटके बसतात, असं झालं तर विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अॅडव्हान्स्ड डिस्प्ले इथे जा. रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा नवं चित्र दाखवतो ते) ३० हर्ट्झ दिसला तर गुन्हेगार लॅपटॉप किंवा केबल आहे. एचडीएमआय १.४ वर फोर-के ३० हर्ट्झच्या पुढे जात नाही, आणि २०१९ च्या आसपासपर्यंतच्या बऱ्याच लॅपटॉपना हेच पोर्ट आहे. अशा वेळी लॅपटॉपच्या यूएसबी-सीमधून चित्र बाहेर येत असेल किंवा डिस्प्लेपोर्ट असेल तर ते वापरा. ६० हर्ट्झ मिळतील. त्याच पानावर रंगाचं स्वरूप ‘आरजीबी’ आहे ना ते पाहा. तिथे ४:२:० (रंगाची माहिती कमी करून पाठवण्याची पद्धत) असेल तर लाल किंवा निळ्या मजकुराच्या कडा फेसाळलेल्या दिसतात. मध्येच दोन सेकंद पडदा काळा होत असेल तर आधी खोक्यातलीच केबल लावून बघा. लांब, स्वस्त केबल हे त्याचं नेहमीचं कारण.

२७ इंचांवर विंडोजचं स्केलिंग (अक्षरं-चिन्हं मोठी दाखवण्याचं प्रमाण) १५० टक्के ठेवा. जुनं पेजमेकर वापरत असाल तर त्याचे मेनू अतिबारीक किंवा धूसर दिसतील, कारण ते सॉफ्टवेअर या पडद्यांच्या आधीचं आहे. त्याच्या प्रोग्रॅम फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ इथे जाऊन ओव्हरराइडमध्ये ‘सिस्टिम’ किंवा ‘सिस्टिम एनहान्स्ड’ निवडा. वाचण्याजोगं होतं, पण इनडिझाइनइतकं रेखीव होणार नाही.

दोष निघाला तर

त्याच दिवशी, लेखी, ऑर्डरच्या खात्यातून तक्रार टाका. नुसता फोन नको. सातव्या दिवशी रात्री टाकलेली तक्रार तांत्रिकदृष्ट्या मुदतीत असते, पण तंत्रज्ञाची भेट दहाव्या दिवशी ठरते आणि मग वाद सुरू होतो. मजकूर थोडका ठेवा:

‘ऑर्डर क्र. …, सिरियल नं. …, मिळाल्याची तारीख … . पडद्याच्या मध्यभागी, डावीकडून सुमारे … सें.मी. व वरून … सें.मी. अंतरावर सतत हिरवा उजळ राहणारा ठिपका आहे. दोन वेगळ्या केबल व दोन लॅपटॉप लावून तपासले, दोष कायम आहे. काळ्या व पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे फोटो आणि खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ सोबत जोडला आहे. वस्तू सदोष असल्याने नवीन नग बदलून द्यावा. नग उपलब्ध नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी.’

‘आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा दाखला आणा’ असं सांगतील. तो मागा, पण ज्या दिवशी मागितला त्याची ई-मेल ठेवा, म्हणजे दाखल्याला उशीर झाला तरी तुमची तक्रार मुदतीतली ठरते. तंत्रज्ञ आला तर त्याच्या जॉबशीटवर ‘दोष दिसला’ हे त्याच्या हाताने लिहून घ्या आणि फोटो काढा. ‘ओके’ लिहिलेल्या कागदावर सही करू नका. करावीच लागली तर शेजारी ‘मान्य नाही’ लिहून करा.

‘आमची पॉलिसी फक्त रिप्लेसमेंटची’ हे उत्तर अंतिम नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे वस्तू सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितलेल्या गुणांची नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देऊ शकत नाही. संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. दुकानाच्या बाबतीत ग्राहक संरक्षण कायदा २०१९ सांगतो की बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. म्हणजे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीने दुकानदार सुटत नाही. तरी प्रामाणिकपणे सांगायचं तर एका ठिपक्याला ‘सदोष’ ठरवताना विकणारा कंपनीच्या कोष्टकाकडे बोट दाखवणार आणि प्रकरण लांबणार. धूळ, गळका उजेड, रेघा, न चालणारं पोर्ट यांत तुमची बाजू बरीच भक्कम असते. आणि बिलावरची ती ओळ असेल तर ठिपक्याच्या बाबतीतही वाद उरत नाही, कारण दुकानदाराने ते लेखी कबूल केलेलं असतं.

ऐकलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑनलाइन दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची.

बदली नग आला की सगळी तपासणी पुन्हा करा. आणि एक गोष्ट जी जवळपास सगळेच विसरतात: नव्या नगाचा सिरियल नंबर बिलावर नसतो. विक्रेत्याकडून बदललेल्या नंबरचं बिल किंवा पत्र त्याच आठवड्यात घ्या, नाहीतर दोन वर्षांनी सर्व्हिस सेंटर ‘हा नग या बिलाचा नाही’ म्हणून परत पाठवेल.

वीज, वाढीव वॉरंटी आणि बिल

वीज पडून, व्होल्टेज चढून किंवा अर्थिंग नसल्याने जळालेला मॉनिटर वॉरंटीत बसत नाही, आणि वळवाच्या पावसात हेच जास्त होतं. अर्थिंग नसलेल्या घरात लॅपटॉपच्या चार्जरचा आणि मॉनिटरचा विद्युतदाब वेगवेगळा असू शकतो, केबल चालू असताना घातली की एचडीएमआय पोर्ट उडू शकतं. वायरमनला मल्टिमीटरवर न्यूट्रल आणि अर्थिंगमधला दाब मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंग दुरुस्त करा. त्याला येणारा खर्च वाढीव वॉरंटीपेक्षा जास्त कामाला येईल. तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घालू नका. ढग गडगडायला लागले की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

वाढीव वॉरंटी बहुधा कंपनीची नसते, तिसऱ्याच संस्थेची असते. तिच्या कागदावर ‘घसारा’ शोधा: चौथ्या-पाचव्या वर्षी मॉनिटरची किंमत निम्म्याहून कमी धरून तेवढीच भरपाई देतात. पॅनेल हा मॉनिटरचा सगळ्यात महाग भाग; तो गेला की दुरुस्तीचा खर्च नव्या मॉनिटरच्या जवळ जातो आणि अशा वेळी ही योजना घसारा कापून हातावर थोडीशी रक्कम ठेवते. पिक्सलचा दोष तिच्यातही नाही. हेच २,८०० रुपये चांगला स्पाइक गार्ड आणि छोटा यूपीएस यांकडे वळवा.

जीएसटी नंबरवर बिल घेतलंत तर १८ टक्क्यांप्रमाणे ३४,००० मधले सुमारे ५,१८६ रुपये इनपुट क्रेडिट (तुमच्या देय करातून वजावट) मिळेल, अर्थात तुम्ही कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यवसायांसाठीची, हे क्रेडिट न मिळणारी कर योजना) नसाल तर. दुकान आणि ऑनलाइन यांच्यातला अडीच हजारांचा फरक यापुढे फारसा वाटणार नाही. मात्र ऑनलाइनही बिझनेस खात्यातून घेतलंत तर क्रेडिट मिळतं, म्हणून तुलना करताना दोन्हीकडे धरा. पावतीवर फर्मचं नाव आल्याने ग्राहक आयोगात ‘हा व्यापारी वापर’ असा आक्षेप येऊ शकतो. कायद्यात त्याला उत्तर आहे: केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. कंपनीच्या वॉरंटी कार्डावर व्यावसायिक वापरासाठी मुदत कमी केलेली नाही ना, तेवढं पैसे देण्याआधी वाचा; काही मॉडेलवर ही ओळ बारीक अक्षरात असते.